लाल द्राक्षमद्यासाठी द्राक्षांची निवड

काळी द्राक्षे चिरडली म्हणजे लाल मद्य तयार होते, असा समज द्राक्ष पिकविणाऱ्या भागांतही आढळतो. हंगामात भाव कोसळला की उरलेला काळा माल वाईनच्या कारखान्यास द्यावा किंवा घरीच त्याचे मद्य करावे, असे अनेक बागायतदारांच्या मनात येते. हा समज तपासण्यास एक मणी पुरेसा आहे. शरद सीडलेस जातीच्या पिकलेल्या मण्याची साल अलगद सोलावी व गर पांढऱ्या बशीत पिळावा. रस जवळजवळ बिनरंगी निघेल. रंग रसात नसून सालीत असतो. लाल मद्य करताना रस, साल व बिया एकत्र आंबविल्या जातात; त्या अवधीत सालीचा रंग आणि साल व बिया यांतील तुरटपणा रसात उतरतो.

म्हणून मणी लहान हवा. मण्याचा व्यास दुप्पट झाला तर आतील रस व गर आठपट होतो, साल मात्र चौपटच वाढते. म्हणजे तेवढ्याच रसाच्या वाट्याला साल निम्मी येते. खाण्याच्या द्राक्षाचे घड जिबरेलिक आम्लात बुडवून बागायतदार मणी फुगवितो. त्याची ही सारी मेहनत मद्याच्या दृष्टीने उलट दिशेची आहे. फुगीर मणी, पातळ साल आणि बीचा अभाव हे गुण बाजारात भाव मिळवून देतात. मद्यात तेच दोष ठरतात. अशा मालाचे मद्य फिकट, बेचव व न टिकणारे होते.

नाशिक भागात लाल मद्यासाठी प्रामुख्याने कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ व झिनफँडेल या जाती लावल्या जातात. कॅबर्नेचा मणी बारीक, साल जाड व बी मोठे असते. तिचा तुरटपणा टिकाऊ मद्यास उपयोगी पडतो. शिराझ उष्ण हवेत चांगली निभावते. झिनफँडेलचा घड दाट असतो व त्यातील मणी एकसारखे पिकत नाहीत. एकाच घडात हिरवे व सुकत चाललेले मणी दिसतात, त्यामुळे काढणीच्या वेळी निवड कसोशीने करावी लागते. बंगळूर ब्लू ही जात गडद रंगाची असली तरी तिचा उग्र वास मद्यातही उतरतो. रसासाठीच ती अधिक योग्य समजावी. पुसा नवरंग आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका या जातींचा गरसुद्धा रंगीत असतो. मांजरी मेडिका मुख्यतः रसासाठीच काढलेली आहे.

केवळ रंगावर भिस्त ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तथापि कुटुंबापुरता फळांचा रस घरी करण्यास कायद्यात वाव ठेवलेला होता व त्याआड घरोघरी मद्य होऊ लागले. कॅलिफोर्नियातील द्राक्षे रेल्वेने शिकागो व न्यूयॉर्ककडे जात. घरगुती गिऱ्हाईक गडद व टणक द्राक्षे मागे, कारण ती प्रवासात टिकत आणि चोथ्यात साखरपाणी घालून पुन्हा मद्य काढले तरी रंग उरे. आलिकांते बूशे ही रंगीत गराची जात या कामी आली. तिला भाव मिळाल्याने पुष्कळांनी उत्तम मद्याच्या जातींवर तिची कलमे बांधली. बंदी उठली तेव्हा चांगल्या मद्यास लागणारी द्राक्षे थोडी उरली होती, आणि ती तूट भरून येण्यास पुढे अनेक वर्षे गेली.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. ते घरापुरते आहे ही सबब चालत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस स्पष्टपणे सांगावी. परवानाधारक कारखान्यास द्राक्षे देण्याचा मार्ग मात्र मोकळा आहे. त्यातही लागवडीपूर्वी खरेदीचा लेखी करार हवा. २००१ च्या राज्य धोरणानंतर वाईनच्या बागा झपाट्याने वाढल्या, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घटताच अनेकांना उभ्या वेली तोडाव्या लागल्या. मद्याची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी खपत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

जात योग्य असली तरी काढणीची वेळ चुकल्यास सारे व्यर्थ जाते. लाल मद्यासाठी साखर साधारणतः २२ ते २४ ब्रिक्स असावी. खाण्याची द्राक्षे १७-१८ ब्रिक्सला तोडली जातात. तेवढ्या साखरेचे मद्य सौम्य होते व लवकर बिघडते. परंतु गोडी हे एकच प्रमाण मानणे चुकीचे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की साखर वाढते तशी आंबटपणात घट येते. रसाचा सामू ३.३ ते ३.६ असल्यास बरे, तो ३.८ च्या वर गेला तर रंग मळकट होतो व जीवाणूंना आयते रान मिळते. बी दाताखाली फोडून पाहावे. हिरवे व चिकट बी कच्चेपणा दाखविते, तपकिरी व कुरकुरीत बी पक्वता दाखविते.

नमुना घेताना समोरचा गोड घड तोडण्याचा मोह टाळावा. ओळीच्या टोकाची झाडे सोडून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातील व सावलीतील घडांच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून मिळून शंभर मणी घ्यावेत. ते एकत्र चिरडून त्या रसाचे माप रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावे. काढणी जवळ आल्यावर ही तपासणी दर दोन-तीन दिवसांनी करावी.

भुरी लागलेले, तडकलेले किंवा कुजके मणी असलेले घड वेगळे काढावेत. काढणीच्या तोंडावर गंधकाची फवारणी करू नये. सालीवर राहिलेल्या गंधकामुळे मद्यास सडक्या अंड्याचा वास येतो. तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. उथळ क्रेट वापरावेत, म्हणजे खालचे घड चेंगरत नाहीत. चेंगरलेल्या मण्यांचा रस वाटेतच आंबू लागतो.