सूत्रसंचालक नट असला म्हणून...

प्रश्न : आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी सकाळी लागणारं ‘सत्यमेव जयते’ मी पुढे मोबाइलवर पाहिलं. विषयात दम असेल तर आमिर खान कशाला हवा? सूत्रसंचालकाने असा काय फरक पडतो?
— एक वाचक, मोशी

उत्तर : पडतो, आणि तो पहिल्याच भागात दिसला. ६ मे २०१२ चा तो भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता. त्यातलं राजस्थानातल्या डॉक्टरांचं छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण काही नवं नव्हतं. मीना शर्मा आणि श्रीपाल शक्तावत या पत्रकारांनी ते कित्येक वर्षं आधीच केलं होतं. खटले मात्र रेंगाळलेले. भाग दाखवला गेला, आमिर तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांना जाऊन भेटला आणि त्याच आठवड्यात जलदगती न्यायालयाची भाषा सुरू झाली. पुरावा तोच, दार ठोठावणारा बदलला.

तीन आठवड्यांनी वैद्यकीय गैरप्रकारांवरचा भाग आला. दिग्दर्शक सत्यजित भटकळ, संशोधन करणारी मंडळी वेगळी. पण डॉक्टरांच्या संघटनांनी माफीची मागणी केली ती आमिरकडे. त्याने ती नाकारली. चेहरा ज्याचा, जाब त्यालाच.

मला खटकतं ते निराळंच. समोरची बाई आपली हकीकत सांगत असते आणि कॅमेरा आमिरच्या भरल्या डोळ्यांवर जातो. आपण नेमकं कुठे गहिवरायचं, हेही ठरवून मिळतं.

याउलट श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेत (१९८८, तब्बल ५३ भाग) रोशन सेठ चक्क नेहरू होऊन समोर येतात. म्हणजे हा इतिहास कुणाच्या नजरेतला, ते उघडच असतं. नसिरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज पाहतानाही ते विसरायला होत नाही. एवढा सरळपणा टीव्हीवर विरळाच.

आता तुमच्याच गावचं घ्या. अख्ख्या पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोत येतो. (कचऱ्यावर २०१४ मध्ये ‘सत्यमेव’नेही एक भाग केला होता.) उद्या या डेपोवर मालिका निघाली आणि एखादा नट तिथे नाकाला रुमाल लावून उभा राहिला, तर लोक आवर्जून बघतील, महापालिकेचे साहेबही बघतील. कचरा वेचणाऱ्या एखाद्या मावशींनी निवेदन केलं, तर बघणारे थोडे असतील. पण मावशी नाकाला रुमाल लावणार नाहीत.