कृत्रिम रक्त : उद्याची आशा, आजचे कर्तव्य

थॅलसेमियाग्रस्त बालकांचे आईवडील आम्हा बालरोगतज्ज्ञांना हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, कृत्रिम रक्त कधी मिळणार?" थॅलसेमिया मेजर असलेल्या बालकास साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी, तेही आयुष्यभर, रक्त द्यावे लागते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देणे अगत्याचे आहे.

प्राणवायू वाहणे, गोठणे, जंतूंशी लढणे ही सारी रक्ताची कामे. आजवरच्या 'कृत्रिम रक्ता'ने यांपैकी केवळ पहिले काम करण्याचा प्रयत्न केला. फ्लुओसोल या फ्लोरिनयुक्त द्रवास १९८९ साली अमेरिकेत मर्यादित वापरासाठी मान्यता मिळाली. परंतु त्याचा वापर अवघड ठरला व १९९४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. गाईच्या हिमोग्लोबिनपासून बनविलेल्या हेमोप्युअरला दक्षिण आफ्रिकेने २००१ मध्ये मान्यता दिली. मात्र पेशीबाहेरचे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. अशा द्रव्यांमुळे हृदयविकाराचा झटका व मृत्यू यांचा धोका वाढतो, असे २००८ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. शिवाय ती शरीरात जेमतेम एखाद-दोन दिवस टिकतात. अपघातग्रस्तास रक्त मिळेपर्यंत ती कदाचित तारतील. थॅलसेमियाच्या बालकास मात्र त्यांचा उपयोग नाही.

खरी आशा वेगळ्या संशोधनात आहे. दात्याच्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या तांबड्या पेशी ब्रिटनमध्ये प्रथमच दोन स्वयंसेवकांना दिल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. मात्रा अवघी एक-दोन चमचे! रक्ताच्या पिशवीत सर्व वयाच्या पेशी असतात. या पेशी मात्र सगळ्याच ताज्या. त्या अधिक काळ टिकल्या तर रक्त देण्याच्या वेळा कमी होतील आणि शरीरात साचणारे लोहही घटेल. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतून जगापुढे आणलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या व्यक्तींना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. अशांना तर या पेशी वरदान ठरतील.

परंतु वाचकहो, या पेशींचे बीजही रक्तदात्याकडूनच येते! तांबड्या पेशी रक्तपेढीत फार तर ४२ दिवस टिकतात. उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालये बंद होतात, शिबिरे घटतात. बालकाची गरज मात्र सुटी घेत नाही. आपल्या हैदराबादेत थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी १९९८ पासून या बालकांसाठी झटत आहे. जामबाग, कोठी, सुलतान बाजार येथील आपल्या समाजातील १८ ते ६५ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, रक्तदान करावे.

डॉक्टर बंधुभगिनींना आणखी एक विनंती. विवाहापूर्वी, निदान गरोदरपणाच्या आरंभी, हिमोग्लोबिन ए-२ तपासणी सुचवावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला या आजाराचा धोका २५ टक्के असतो. कृत्रिम रक्त येईल तेव्हा येवो. ही तपासणी मात्र आजच उपलब्ध आहे.