गोऱ्ह्याचं आधी ठरव

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ डोळा लागला नाही. साक्रीकडच्या ठेलाऱ्यांकडून खिल्लार कालवड आणलीस, पुढे तिला प्रदर्शनात उभी करणार म्हणतेस. ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. पण एक गोष्ट बोलायची राहिली.

तिला भरवण्याआधी ठरव, गोऱ्हा झाला तर तो कुठे जाणार?

आयर्लंडात डेक्स्टर नावाची बुटकी गाय आहे. तिकडचे लोक तिची पैदास करतात, प्रदर्शनात मिरवतात आणि वळू म्हणून न शोभणारा गोऱ्हा मांसासाठी वाढवतात. त्याची वाट ठरलेली असते. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली, २०१५ पासून बैल आणि वळूचीही. म्हणजे जन्मलेल्या प्रत्येक गोऱ्ह्याला कुणाच्या तरी दावणीला पंधरा-वीस वर्षं जागा हवी. शेतात ट्रॅक्टर आला. २०२१ च्या डिसेंबरात बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हापासून पळणाऱ्या गोऱ्ह्याला मोल आहे, पण सगळेच काही पळत नाहीत. म्हणून आधी सासऱ्यांशी बोल. ते औताला एक जोडी ठेवणार असतील तर प्रश्नच मिटला. नाहीतर गावात बैलावर शेती करणारं घर आत्ताच बघून ठेव. वरखेडीच्या बाजारात गोऱ्हा सोडून घरी परतणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे, तुझा तसा बघवणार नाही मला.

दुधाची आशा धरू नकोस. खिल्लारीचं दूध वासरापुरतं, वर राहील ते आपलं. वयातही ती उशिरा येते, पहिलं वेत चौथ्या वर्षाच्या आसपास. घाई केलीस तर तिचीच वाढ खुंटेल. माजाचा काचेसारखा सोट दिसला की तारीख लिहून ठेव, न फळल्यास एकवीस दिवसांनी पुन्हा बघ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आणि वळू कुणाचा, त्याची आई कशी होती, हे विचारल्याशिवाय दावं सोडू नकोस. तिच्याच बापाकडे नेलीस तर पुढच्या पिढीत भोगावं लागेल.

माझी चूक सांगते. पहिल्या कालवडीला प्रदर्शनासाठी मी सरकीची ढेप इतकी चारली की ती चकाकायला लागली. लोक थांबून बघायचे. नंतर दोन वर्षं ती गाभण राहिली नाही. डॉक्टरांनी फासळ्यांवर हात ठेवून चरबी दाखवली तेव्हा मला रडू आलं. तू दादर ज्वारीचा कडबा, हिरवा चारा, मूठभर मीठ आणि रोजची चाल यांवरच ठेव. फासळी दिसू नये, पण हाताला लागावी.

शिंगं साळू नकोस, कितीही आग्रह झाला तरी. खिल्लारीचं शिंग कपाळाच्या रेषेतच मागे जातं आणि टोकाला निमुळतं होतं, ते तसंच सुंदर आहे. आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात, म्हणून नाव नोंदवण्याआधी दात बघून घे. नाक आणि खूर गाजरी आहेत म्हणून कुणी नाक मुरडलं तर मान खाली घालू नकोस. तापीकाठच्या खिल्लारीची जुन्या नोंदींतली खूणच ती आहे, पांढरं अंग आणि गाजरी नाक-खूर.

प्रदर्शनाहून आली की तीन आठवडे वेगळी बांध. २०२२ च्या साथीत राज्यात लम्पी, म्हणजे अंगावर गाठी येणारा रोग, पहिल्यांदा सापडला तो आपल्याच रावेरच्या चिनावलला, ऑगस्टमध्ये. त्या पावसाळ्यात मी रात्री बॅटरी घेऊन एकेका जनावराच्या अंगावर गाठी चाचपायची. लस टोचल्याची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत मांड.

वासरू होईल तेव्हा मला बोलाव. नवं खिल्लार वासरू टाळूवर विटकरी असतं, जणू आईने कुंकू सांडलंय. दोन-तीन महिन्यांत तो रंग उडून जातो. तो असताना मला बघायचं आहे, गोऱ्हा असो की कालवड.