गडग्यांमधली रुंदी मोजून ये

ते ब्रोशर खाली ठेव आधी. तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलंय मला. राजापूरच्या बागेसाठी गाडी घ्यायची, ती नवीच घ्यायची, फोर बाय फोरच घ्यायची आणि पाडव्याला दारात हवी. ताईला वाटतं मामा नाही म्हणेल. मामा तसं म्हणत नाही. पण मामाने तीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून लोकांच्या आपटलेल्या, बुडालेल्या, उलटलेल्या गाड्या तपासल्या. तुला गाडी शोरूमच्या काचेतून दिसते, मला ती खालून दिसते.

दारात म्हणजे कुठल्या दारात, ते आधी सांग. या गॅलरीतून खाली बघ. वाडीत स्कूटर उभी करायला जागा मिळाली तर लोक नारळ फोडतात. ऑक्टोबर २०२५ पासून कोपऱ्यावर मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू आहे, म्हणजे मुंबईत तुला गाडीची गरज होती तीही कमी झाली. गाडी बागेसाठी असेल तर तिने राजापुरात झोपायला हवं. ठाकूरद्वारला राहणारी, महिन्यातून दोनदा गावी जाणारी गाडी ही बागेची गाडी नव्हे, ती तुझी गाडी. तुझी हवी असेल तर तसं सांग, मग मी रंगावर बोलतो.

बागेची असेल तर पहिलं काम वहीचं. आंब्याचं वर्ष डोळ्यापुढे आण. फवारण्या मोहोराच्या मागेपुढे, म्हणजे थंडीत. तोड मार्च ते मे. हे सगळं कोरड्यातलं काम. त्या दिवसांत आपल्या कातळावरून तुझ्या आजोबांची बैलगाडी जायची, कुठलीही बोलेरो जाईल. चिखलातलं काम कुठलं? जूनमधली खतं, जुलै-ऑगस्टातलं कल्टार, नंतरची बेणणी. यातली खताची पोती मे महिन्यातच मांगरात नेऊन ठेवता येतात. उरले किती दिवस? तू म्हणशील पुष्कळ. पुष्कळ हा आकडा नाही. येत्या पावसाळ्यात गावी जाशील तेव्हा प्रत्येक फेरीची तारीख लिही. गाडी न्यावी लागली का, साधी गाडी अडली का, अडली तर नेमकी कुठे, आणि चालत गेलो असतो तर काय बिघडलं असतं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भर, तिथेच लोक लबाडी करतात.

‘नेमकी कुठे’ यावर मी अडून बसतो, कारण वाट सगळी वाईट कधीच नसते. मी तुझ्या बागेची वाट चाललोय. कातळावर काही अडत नाही. अडतं ते पऱ्या ओलांडून वर येताना, त्या लाल मातीच्या घाटीवर. तीही असेल शंभर-सव्वाशे फूट. तेवढ्या तुकड्यासाठी तू गाडीच्या चारही चाकांना ताकद विकत घेणार, आणि ती ताकद उरलेला सगळा रस्ता, थेट मुंबई-गोवा महामार्गावरूनसुद्धा, उगाच वाहून नेणार. पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, जास्तीचे शाफ्ट, त्यांचं तेल, त्यांचं वजन आणि त्या वजनाचं डिझेल. त्यापेक्षा गवंड्याला बोलाव. घाटीवर सोलिंग करून वर जांभ्याचे चिरे बसवायला आणि पऱ्यावर पाइपांची मोरी घालायला काय लागेल ते विचार. तो आकडा आणि शोरूमवाल्याचा टू-व्हील नि फोर-व्हीलमधला फरक, दोन्ही एकाच पानावर लिही. चिऱ्यांची घाटी तुझ्या पोरांना पुरेल, कामाला येणाऱ्या बायकांना पुरेल, आणि तिला विमा लागत नाही.

वाटेने जाताना टेप घेऊन जा. दोन गडग्यांमधली रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोज, वळणावर तर मोजच. जिम्नी १,६४५ मिलिमीटर रुंद आहे, बोलेरो १,७४५. कागदावर हा चार बोटांचा फरक वाटतो. गडग्याचा चिरा दाराला लागतो तेव्हा तोच दोन पॅनलच्या बिलाएवढा होतो. शिवाय आरसे कंपन्या त्या मापात धरत नाहीत.

आता फोर बाय फोरबद्दल, कारण तू ते घेतलंस तर निदान वापरता यावं. थार, गुरखा, जिम्नी, या गाड्यांत पुढची चाकं लिव्हर टाकल्यावरच ओढतात. लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला लागतात. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घ्यावा लागतो. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही, मग सगळा पीळ गिअरांत जातो. जोर दाखवायला घाटात फोर बाय फोर टाकून गेलेल्यांची ट्रान्सफर केस मी टेबलावर उघडलेली पाहिली आहे. लो गिअर मात्र खरा कामाचा. तीव्र उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि चिखलात अर्धं काम टायर करतो. गुळगुळीत टायरांची फोर बाय फोर लाल मातीवर चारही चाकं फिरवते आणि तिथेच राहते. टायर बदलायचे पैसे हिशोबात धरले आहेस का?

पाण्याचं वेगळं सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. इथे ठाकूरद्वारला आम्ही भजी तळत होतो. पुढचे दोन महिने मी उपनगरांत उघडलेली इंजिनं पाहत फिरलो. त्यात साध्या मोटारी होत्या तशा उंच जीपगाड्याही होत्या. इंजिनात पाणी चाकांवाटे शिरत नाही, हवा ओढायच्या नळीवाटे शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड काडीसारखा वाकतो. त्यातही निम्म्या लोकांनी पाणी ओसरल्यावर ‘चालू होतेय का बघू’ म्हणून किल्ली फिरवली होती. थारची कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणते. ते संथ पाणी, सावकाश चाल आणि तळ माहीत असलेला. अर्जुना नदी राजापुरात जवाहर चौकापर्यंत येते त्या दिवशी तिला हा आकडा सांगून उपयोग नाही. इंजिनाचं जादा संरक्षण पॉलिसीत वेगळं मागून घ्यावं लागतं. ते घे.

विम्याचा विषय निघालाच आहे तर नीट बस. हे तुला शोरूममध्ये कोणी सांगणार नाही.

खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचं कलम असतं. भाड्याने फिरवणं त्यात बसत नाही. शर्यती, चाचण्या बसत नाहीत. आणि मालवाहतूक बसत नाही. सूट फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. पुष्कळ वर्षांपूर्वी अणुस्कुरा घाटात एका बागायतदाराची गाडी उलटली. गाडी मुंबई पासिंगची, पॉलिसी मुंबईची, म्हणून मला धाडलं. माणूस सुदैवाने खरचटण्यावर निभावला होता. मागची सीट दुमडून त्याने कोल्हापूरच्या बाजारासाठी क्रेट भरले होते. मी पोचलो तेव्हा रस्त्याकडेला अजून हापूसचा वास होता. तो म्हणाला, घरचेच आंबे आहेत साहेब. घरचे होते यात शंका नाही. पण तीस क्रेट घरचं सामान होत नाही, आणि पंचनाम्यात क्रेट मोजलेले होते. त्याचा दावा नाकारला गेला. नावं मी घेत नाही, माणसाचंही नाही आणि कंपनीचंही नाही. पण त्या दिवसापासून कोणी गाडी घ्यायची म्हटली की मी पहिला प्रश्न विचारतो : मागे काय ठेवणार?

तू मागे पेट्या ठेवणार. या वाडीत, फणसवाडीत, झावबावाडीत घरोघर पोचवणार. म्हणजे तुझी गाडी कागदावर मालवाहू असायला हवी. बोलेरो कॅम्पर किंवा पिकअप मालवाहू म्हणून पास होते. कॅम्परला मागे दुसरी सीट असते, चार माणसं बसतात आणि हौद्यात साधारण टनभर माल. पिवळी पाटी लागते म्हणून तोंड वाकडं करू नकोस. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही. लायसन्सही वेगळं नको. ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलंय. फिटनेसला मात्र जावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. मला तर ते बरंच वाटतं. निदान कोणी तरी गाडीखाली वाकून बघतं.

कराचं थोडक्यात सांगतो, कारण तुझा तो मित्र ‘गाडी बिझनेसमध्ये दाखव’ म्हणत फिरतोय. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतची आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्के जीएसटीत येते. त्यावरची ४० टक्क्यांत. म्हणून तीन दारांची थार दीड लिटर डिझेलमध्ये, फक्त मागची चाकं ओढणारी घेतलीस तर १८, आणि २.२ लिटरची फोर बाय फोर घेतलीस तर ४०. जिम्नी एवढीशी, पण पेट्रोल १,४६२ सीसी, म्हणून तीही ४०. मालवाहू गाड्या १८ टक्क्यांत. मित्राला सांग, कंपनीच्या नावावर मोटार घेतली तर महाराष्ट्रात रस्ता कर २० टक्के लागतो. स्वतःच्या नावावर डिझेल गाडीला तो किमतीप्रमाणे १३ ते १५ आहे. घसारा म्हणशील तर मोटारीला वर्षाला १५ टक्के मिळतो खरा, पण तुझं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकरच नाही. मग वजा कशातून करणार? जीएसटीचा परतावाही ताज्या आंब्याला नाही, कारण ताज्या आंब्यावर कर नाही. सीएची फी वाचव.

नवी की जुनी, यावर माझं मत तुला आवडणार नाही. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत शोरूमबाहेर पडल्याबरोबर ५ टक्के उतरते, वर्ष उलटलं की २०, दोन वर्षांनी ३०, चार वर्षांनी ५०. ही घसरण पहिल्या मालकाने सोसावी, असं मला नेहमी वाटत आलंय. पण डिझेल जुनी घ्यायची तर एक बघ. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वेगात धावली की ती काजळी जळून जाते. रोज बाग ते बाजार असं चार किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरलेली गाडी ती जाळीच तुंबवून बसते. हे तुझ्या नव्या गाडीलाही लागू आहे. आठवड्यातून एकदा तिला रत्नागिरीपर्यंत पळवून आण, जाताना आईला देवदर्शन.

माझगावला १९४९ साली महिंद्राने विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, इथून हाकेच्या अंतरावर. त्या जीपचं सगळं उघडं होतं. बिघडली तर पान्हा घेऊन बसायचं, आणि सुटे भाग ऑपेरा हाउसला त्रिभुवन रोडवर नाहीतर चोरबाजारात मिळायचे. आताच्या गाडीला संगणक लावल्याशिवाय मेकॅनिक हात लावत नाही. म्हणून ब्रोशर बघण्याआधी राजापूर, ओणी, पाचल या टापूत कोणत्या गाड्या जास्त फिरतात ते बघ. ज्या गाडीचे पाटे आणि क्लच प्लेट तालुक्यात मिळतात ती घे. नाहीतर मे महिन्यात, आंबा पिकत असताना, तू सुट्या भागाची वाट बघत बसशील आणि आंबा तुझी वाट बघणार नाही.

खाऱ्या हवेत चेसिस गंजते, तेव्हा दर पावसाळ्याआधी खालून लेप मारून घे. वाळूत गाडी घालू नकोस, नाटे-आंबोळगडला पाहुणे आले तरी. घातलीसच तर गोड्या पाण्याने खालून धू. आणि मांगरात उभी करशील तर बॉनेट उघडं ठेव. उंदरांना अंधारी, उबदार जागा लागते. वायरिंग खाल्लेल्या गाड्यांचे दावे मी इतके पाहिलेत की त्या वेळी उंदरांना मी नावं ठेवली होती.

तेव्हा पाडवा राहू दे. हा हंगाम तुझ्या शेजारच्या वाडीतला पिकअपवाला भाड्याने धर. प्रत्येक फेरीचं भाडं त्याच वहीत लिही, चिखलाच्या दिवसांच्या समोरच्या पानावर. गवंड्याचा आकडा आण, गडग्यांचं माप आण. दसऱ्याच्या आधी एक शनिवार ये. वही बघू, मग ताडदेवला पासिंग करायचं की रत्नागिरीला ते ठरवू. डीलरकडे मी येईन तुझ्याबरोबर. पैसे भरण्याआधी गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष दाखवायला सांगायचं, आणि फॉर्म २१ वर तेच लिहिलंय ना ते ताडून बघायचं. वर्षभर उघड्या यार्डात पडलेली गाडी नवी म्हणून विकतात. गाडीखाली मात्र तू वाकायचंस. माझी कंबर आता तेवढी वाकत नाही, मी टॉर्च धरीन.