नुसत्या फोनवर जाऊ नकोस

अगं, पोलीस ठाण्यातून फोन आला आणि तुझे हातपाय गळाले ना? साहजिक आहे. पण ‘जरा येऊन जा’ एवढ्यावर पर्स उचलून निघायचं नाही. कुठल्या प्रकरणात बोलावताय ते विचार आणि नोटीस लेखी माग.

नोटीस हातात आली की आधी कलम बघ. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेला नवा कायदा. त्याचं 179 कलम असेल तर तू साक्षीदार. साक्षीदार बाईला राहत्या घराबाहेर यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. मात्र 35(3) लिहिलं असेल तर संशय तुझ्यावर आहे. तिथे टाळाटाळ केलीस तर अटक होऊ शकते. तेव्हा जायचं, पण आधी वकील गाठून आणि नोटिशीची प्रत घरी ठेवून.

आता सहीचं. माझा जीव यातच अडकलाय, कारण घाबरलं की माणूस सही करून मोकळं होतं. तपासात पोलीस तुझा जबाब लिहून घेतील, त्यावर तुझी सही घ्यायचीच नसते. फिर्याद तू दिलीस तर सही लागते, पण आधी ती तुला वाचून दाखवायला हवी आणि एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी. कोऱ्या कागदावर मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी सही करायची नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, हे घटनेच्या कलम 20(3) मध्येच आहे.

अटकेची वेळ न येवो. आलीच तर घटनेचंच कलम 22 आठव: कारण सांगायलाच हवं, वकिलाला भेटू द्यायलाच हवं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायलाच हवं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, शिवाय महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यायची. आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या बायकांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावरच्या 1983 च्या निकालात हे बजावलेलं आहे. एका बाईच्या पत्राने केवढं काम केलं बघ!

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. विधी सेवा प्राधिकरण बायकांना वकील मोफत देतं, उत्पन्न विचारत नाही. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, नाहीतर 15100 वर फोन लाव. आणि नोटीस मिळाली की आधी मला फोटो पाठव.