आपल्या मुलखाचे वर्तमानपत्र

नाशिक रोडला सरकारी छापखाना आहे. १९२५ सालापासून तिथे टपालाची तिकिटे छापतात. शेजारच्या कारखान्यात नोटा छापतात. नोट कोणालाही ओळखता येते. तिला अक्षरओळख लागत नाही. वर्तमानपत्राचे तसे नाही. त्याला वाचणारा लागतो. आणि त्यात आपल्या गावची खबर यावी, असे वाटत असेल तर गावात लिहिणाराही लागतो.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र म्हणून ‘दर्पण’चे नाव घेतात. बाळशास्त्री जांभेकर यांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. दर्पण म्हणजे आरसा. पण शहरातल्या आरशात खेडे कुठून दिसणार? लिहिणारे शहरातले, वाचणारेही बहुतेक शहरातलेच. पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधू’ काढले. ते शेतकरी-कामकऱ्यांची बाजू मांडू लागले. तरी छापखाना शहरातच होता.

छापखाना खेड्यात आणला मुकुंदराव पाटील यांनी. आपल्या नाशिकला लागून अहमदनगर जिल्हा आहे. त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तिथे त्यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. साप्ताहिक म्हणजे आठवड्यातून एकदा निघणारे. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून ते वर्षानुवर्षे निघत राहिले.

तेव्हा वर्तमानपत्र छापणे सोपे नव्हते, बरे का! शिशाचे खिळे असत. एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटे. एकेक खिळा उचलायचा, शब्द जुळवायचा, ओळ जुळवायची. मग शाई लावून कागद दाबायचा. छापून झाले की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नवा शिकणारा अक्षराला अक्षर जोडून वाचतो ना, तसेच ते काम.

एवढी खटपट कशासाठी? त्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. कर्जाचा कागद सावकाराच्या हाती. शेतकऱ्याच्या हाती काय? अंगठा! कागदावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याने सांगायचे आणि याने मान डोलवायची. ‘दीनमित्र’ने यावर लिहिले. अंधश्रद्धेवर लिहिले. पोरांना शाळेत घाला, असे सांगितले. हे पत्र १९६७ सालापर्यंत, म्हणजे ५७ वर्षे चालले.

खुद्द नाशिकमध्ये दादासाहेब पोतनीस यांनी १९३८ साली ‘गांवकरी’ सुरू केले. आधी ते साप्ताहिक होते, पुढे दैनिक झाले. दैनिक म्हणजे रोज निघणारे. नावच बघा: गांवकरी! मुंबईच्या पत्रात दिल्लीची बातमी आधी येणार. लासलगावला कांद्याला काय भाव निघाला, कालव्याला पाणी कधी सुटणार, हे आपल्या मुलखाच्या पत्रात बघायचे.

मात्र छोट्या पत्राला एक अडचण असते. कागद, शाई, मजुरी, सगळ्याला पैसा लागतो. तो येतो वाचकांच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून. वर्गणीदार कमी झाले की पत्र जाहिरातींवर जगते. मग जाहिरात देणाऱ्याविरुद्ध लिहायला हात कचरतो. म्हणून पत्र आपले राहावे असे वाटत असेल, तर ते विकत घेऊन वाचले पाहिजे. दहाजणांनी मिळून एक घेतले तरी चालेल.

पण छापलेले सगळे खरेच, असे धरून चालू नका. आता बातम्या मोबाइलवरही येतात. तिथेही हेच बघा: ही गोष्ट कोण सांगतो? त्याने डोळ्यांनी पाहिली की ऐकली? ती कोणत्या तारखेची?

कोणी म्हणेल, “आमच्या वस्तीवरची विहीर आटली, ते कोण छापणार?” अहो, कळवल्याशिवाय संपादकाला कसे कळणार? संपादक म्हणजे पत्राचा मजकूर ठरवणारा. त्याला पत्र लिहा. काय झाले, कुठे झाले, केव्हापासून, किती घरांना त्रास आहे आणि तुमचे मागणे काय, एवढे पुरे. मोठे शब्द नकोत. ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहू नका. कोणाला शिवी नको. सगळेच छापून येईल असे नाही. नाही आले, तर पुन्हा लिहा.

आणि खाली सही करा. अंगठा नको. आता आपल्याला नाव लिहिता येते.

विचार करा आणि सांगा

१. ‘दीनमित्र’ कोणत्या गावातून निघत असे?
२. छोट्या पत्राला पैसा कुठून मिळतो?
३. तुमच्या गावची कोणती गोष्ट छापून यायला हवी? ती पाच ओळींत लिहा.