नात्यातील विवाह : केसपेपरावरील एका प्रश्नाविषयी

प्रसूतिपूर्व तपासणीच्या केसपेपरावर 'पती-पत्नीचे विवाहापूर्वीचे नाते' असा एक रकाना असतो. हा प्रश्न विचारताच अनेक कुटुंबे संकोचतात, काही जण रागावतातही. आपल्या घराण्याची चौकशी चालली आहे, असा त्यांचा समज होतो. म्हणून या रकान्यामागील विचार देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडणे उचित वाटते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील मानववंशशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांचा भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. उत्तर भारतात मुलगी परक्या गावी, अनोळखी घरी दिली जाते. दक्षिणेत मात्र ओळखीच्या, नात्यातील घरी दिली जाते आणि काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही संमत आहे, हे त्यांनी साधार दाखविले. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये येतो. येथे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी टाळतात. सासूला 'आत्याबाई' व सासऱ्यांना 'मामंजी' म्हणण्याची आपली रीत पाहिली, तरी हे ध्यानात येते. सोलापुरात तर मराठी, तेलुगू व कन्नड कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. त्यामुळे चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या घरी या साऱ्या रीती आढळतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे तशी रूढी आहे तेथे, अशा विवाहांना मुभा ठेवली आहे.

या रूढीला केवळ अज्ञान म्हणणे मला पटत नाही. लेक ओळखीच्या माणसांत जाते, बहीण-भावाचे येणे-जाणे टिकते, हा तिचा मोठा आधार आहे.

आता हिशेबाची बाजू. (प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा, त्यास हीच भाषा अवगत.) आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात, मामा-भाचीत एक-चतुर्थांश. काही आजारांत सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तरच बाळाला आजार होतो. थॅलेसेमिया व जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार यांत मोडतात. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी ही शक्यता चारात एक असते. सर्वसाधारणपणे शंभरांपैकी दोन-तीन बालकांत गंभीर जन्मजात दोष आढळतो. आते-मामे भावंडांच्या विवाहात हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजेच बहुसंख्य बालके तेथेही निरोगीच जन्मतात.

खरी हानी पुढे घडते. बाळ आजारी निघाले की बोल सुनेला लागतो. वस्तुतः अशा आजारात दोष निम्मा-निम्मा आलेला असतो, आणि तोही कोणी हेतुतः दिलेला नसतो. परंतु सासू ही आत्याच असल्याने तंटा दोन घरांत पोहोचतो. जे भाऊ-बहिणीचे नाते दृढ व्हावे म्हणून सोयरीक केली, तेच तुटते. मग पुढील खेपेस कुटुंबे नाते लपवितात व तपासणीची वेळ निघून जाते.

थॅलेसेमियाचा वाहक साध्या रक्ततपासणीत ओळखता येतो. ती सोयरीक ठरविण्यापूर्वी करावी. ते राहून गेले असल्यास गरोदरपणाच्या आरंभीच करावी. बाळाच्या श्रवणाची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी. नोंदीच्या वेळी तीन पिढ्यांची नाती सांगावी लागतात. सोबत आजी असल्यास हे काम फार लवकर होते. तपासणीचा अहवाल मात्र त्या दांपत्याच्याच हाती द्यावयाचा असतो.